मुलांवरचं पुस्तक आणि मुलांसाठीचं पुस्तक

‘नववीतल्या मुलीला वाचायला काय देऊ?’ असं साताऱ्यात कुणी विचारलं की हमखास ‘शाळा’चं नाव येतं. कादंबरीतली मुलं नववीत, आपली मुलगीही नववीत, मग अडचण कसली? पाचवीतल्या मुलासाठी विचारलं तर ‘वनवास’ पुढे केलं जातं, कारण त्याचा नायक लंपन लहान आहे आणि लेखक प्रकाश नारायण संत आपल्या कराडचे. दोन्ही पुस्तकं मला अतिशय प्रिय आहेत. पण नायकाच्या वयावरून वाचकाचं वय ठरवलं, की पाचवीतलं पोर दहा पानांत पुस्तक मिटतं आणि घरात त्याच्यावर शिक्का बसतो, ‘याला वाचनाची आवडच नाही.’ हा त्या पोरावर अन्याय आहे.

मूल ज्याचा विषय आहे ते पुस्तक वेगळं आणि मूल ज्याचा वाचक आहे ते वेगळं. लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहतो. त्याला काय सलतं हे तो सरळ कधी सांगत नाही. रस्ते, झाडं, माणसं, आवाज यांबद्दल तो भरभरून बोलतो आणि मधल्या मोकळ्या जागांत त्याचं एकटेपण आपल्याला ऐकू येतं. आपल्याला, म्हणजे मोठ्यांना. त्याला स्वतःला जे उमगलेलं नाही ते वाचणाऱ्याला उमगेल, हे लेखकानं धरलेलंच आहे. दहा वर्षांचं मूल मात्र ‘पुढे काय झालं?’ म्हणून पान उलटतं आणि त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

आता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश पुण्यात शिकायला येतो, संकट लगेच समोर उभं राहतं, मोठी माणसं बाजूला होतात आणि निर्णय त्यालाच घ्यावे लागतात. वाचणारं पोर त्याच्या बरोबरीनं धावतं. पोराच्या डोक्यावरून त्याच्या आईबापांशी बोलणं यात नाही. भाषा सोपी म्हणून हे मुलांचं, असं मात्र समजू नका. अवघड शब्द मुलं ओलांडून जातात, थांबलेली गोष्ट ओलांडत नाहीत.

म्हणून पुस्तक निवडताना मी एकच पाहते: नायकापेक्षा वाचकाला जास्त कळावं, अशी लेखकाची अपेक्षा आहे का? असेल तर ते बहुधा मुलांवरचं आहे.

‘श्यामची आई’ या कसोटीला पुरतं बसत नाही. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातला श्यामही मोठा झालेला, मागे वळून पाहणारा. तरी मुलं ते ऐकतात, कारण एकेका रात्री एकेक प्रसंग आहे आणि श्यामची भीती, लाज, हट्ट सगळं उघड आहे. ते मोठ्यानं वाचून दाखवावं.

खरी ओढाताण तेरा ते सोळा या वयाची. फास्टर फेणे मागे पडलेला असतो आणि लंपन अजून संथ वाटतो. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मोठ्यांसाठीच लिहिलेली आहे, पण पंधराव्या वर्षी तिच्यातली ओढ, चोरटं पाहणं, मित्रांच्या गप्पा थेट भिडतात. आणीबाणीचे संदर्भ निसटले तर निसटू द्यावेत, ते पुढच्या वाचनात सापडतील. आधी आपण वाचावी, कारण मुलं आपापसात बोलतात तशीच भाषा तिच्यात आहे. आणि देताना ‘यातून काय शिकलीस?’ असं विचारू नये. लंपन दहावीनंतरच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा.

सुचवणं जमत नसेल तर महाबळेश्वरच्या वाटेवर भिलारला थांबा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे आणि घरोघरी साहित्यप्रकारांनुसार पुस्तकं मांडलेली आहेत. मुलाला बालसाहित्याच्या घरी न्याच, पण कथा-कादंबऱ्यांच्या घरीही न्या आणि ते कुठल्या पुस्तकाशी रेंगाळतं ते पाहून घ्या.