वापरलेली एटीव्ही घेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कर्जत, मुरबाड, शहापूर किंवा अलिबागकडे शेतजमीन अथवा फार्महाउस असलेले मुंबईतील अनेक ग्राहक आमच्याकडे वापरलेल्या एटीव्हीची, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालवायच्या जाड टायरांच्या उघड्या चारचाकी गाडीची, चौकशी करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न गाडी किती सीसीची घ्यावी हा असतो. बजेट बेताचे असेल तर आमच्या मते हा प्रश्न शेवटी यावा. त्याआधी गाडीची आजची अवस्था काय आहे आणि तिचे सुटे भाग कोठे मिळतील, हे पाहावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारींचे भाग सहज मिळतात, एटीव्हीचे तसे मिळत नाहीत, आणि ज्या आयात गाडीचा येथे कोणी विक्रेताच उरलेला नाही, ती कितीही स्वस्तात मिळाली तरी एका ड्राइव्ह बेल्टसाठी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहू शकते.

ट्रॅक्टर म्हणून नोंदवलेली मोजकी मॉडेले वगळता एटीव्हीला आरसी (आरटीओचे नोंदणी प्रमाणपत्र) नसते, त्यामुळे ती स्वतःच्या जागेतच चालवावी लागते. फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत डांबरी रस्त्याने नेणेही नियमात बसत नाही. यात केवळ कायद्याचा प्रश्न नाही. अनेक एटीव्हींच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग एक्सल असतो, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो, आणि म्हणून डांबरावर वळताना चाके मातीत घसरतात तशी घसरत नाहीत व गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. आरसी नसल्यामुळे मालकीचा मुख्य पुरावा म्हणजे मूळ बिल, आणि गाडी परदेशातून आणलेली असल्यास कस्टम्सची कागदपत्रे. त्यांवरील चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः वाचून जुळवावेत. बिल हरवल्याचे सांगितले जात असेल, तर किंमत पाहून मोहात पडू नये.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला सांगावे आणि पोहोचताच इंजिनला हात लावून ते गार असल्याची खात्री करावी, कारण सुरू होण्यातला खरा त्रास गार इंजिनच दाखवते. त्यानंतर सीट उचलून एअर फिल्टरचे झाकण काढावे. फिल्टर नवा कोरा दिसला म्हणून समाधान मानू नये; फिल्टर बाजूला करून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवावे. बोटाला लाल माती लागली, तर ती धूळ इंजिनात गेलेली आहे आणि पिस्टन-रिंगांचे काम जवळ आले आहे असे समजावे. डिपस्टिकवरील ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे. ओढ्यातून हौसेने गाडी घालणाऱ्यांच्या एटीव्हीत हे हमखास आढळते. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला असतो. एक्सलच्या सांध्यांवरील रबरी बूट (धूळ-पाणी रोखणारी आवरणे) फाटलेले नसावेत. समुद्रकिनाऱ्याजवळ राहिलेल्या गाडीची फ्रेम खालून टॉर्च लावून पाहावी, विशेषतः वेल्डिंगच्या जोडांपाशी, आणि नुकताच मारलेला काळा रंग दिसला तर तो का मारला हे विचारावे. तासांचा मीटर असल्यास वाचावा, पण त्यावर फार विसंबू नये.

सगळे बजेट खरेदीतच संपवू नये. टायर, बॅटरी, बेल्ट, सर्व ऑइले आणि टेम्पोचे भाडे यांची रक्कम आधी बाजूला काढून उरलेल्या पैशांत गाडी शोधावी. या हिशेबात लहान पण सुस्थितीतील गाडी जवळपास नेहमीच मोठ्या थकलेल्या गाडीपेक्षा परवडते. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी, बऱ्याच मॉडेलांत 5 ते 7 पीएसआय, ठेवायची असते व मोटारीचा गेज इतका कमी दाब नीट दाखवत नाही, म्हणून कमी दाबाचा गेजही याच खर्चात धरावा.

हेल्मेट आणि घोट्यापर्यंतचे बूट आवश्यक आहेत. एका व्यक्तीसाठी बनवलेल्या एटीव्हीवर मागे कोणालाही बसवू नये, आणि 16 वर्षांखालील मुलांना प्रौढांची गाडी चालवायला देऊ नये. पाहुण्यांची मुले हट्ट करतात, म्हणून किल्ली गाडीला लावून ठेवू नये.

गाडी पसंत पडल्यावर, इसार देण्यापूर्वी, आमचा मेकॅनिक जागेवर येऊन तपासणी करून लेखी अहवाल देऊ शकतो. त्यासाठी बिलाची प्रत आणि चासी नंबरचा स्पष्ट फोटो आधी पाठवावा.