तरंगंबाडी: किल्ला डॅनिशांचा, जमीन तंजावरची

तमिळनाडूत मयिलाडुतुरै जिल्ह्यात, कारैकालपासून उत्तरेला साधारण 15 किलोमीटरवर तरंगंबाडी हे छोटे बंदरगाव आहे. इंग्रजांच्या कागदांत ते ‘ट्रांकेबार’ म्हणून येते. भारतातली डॅनिश वसाहत अशी त्याची ओळख करून दिली जाते, पण त्या ओळखीत एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. डेन्मार्कने हे गाव जिंकले नव्हते. तंजावरच्या राजाला दरसाल ठरलेली रक्कम द्यायची, या अटीवर ते घेतले होते. तो राजा आधी नायक घराण्यातला होता, आणि 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर ती रक्कम भोसल्यांकडे जाऊ लागली. इथले किल्ले, देवळे आणि चर्च बघताना हे माहीत असले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

डॅनिश येण्याच्या तीनशे वर्षे आधीही इथे व्यापारी वस्ती होती. किनाऱ्यावरचे मासिलामणिनाथर शिवमंदिर पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळात, 1306 मध्ये बांधले गेले. त्याच्या शिलालेखात गावाला राजाच्या नावावरून कुलशेखरपट्टिनम म्हटले आहे. ‘पट्टिनम’ म्हणजे बंदराचे गाव, तेव्हा बंदर किती जुने आहे हे तिथेच कळते.

डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी 1616 मध्ये स्थापन झाली. पहिला ताफा निघाला तो श्रीलंकेतल्या व्यापारावर डोळा ठेवून, आणि तिथे हाती काहीच लागले नाही. आघाडीच्या जहाजावरच्या रोलँड क्राप्पेची गाठ कारैकालजवळ पोर्तुगिजांशी पडली आणि जहाज बुडाले. क्राप्पे आणि मोजके खलाशी वाचून तंजावरच्या दरबारात पोहोचले. पोर्तुगिजांना शह देणारा दुसरा गिऱ्हाईक रघुनाथ नायकालाही हवाच होता. नोव्हेंबर 1620 मध्ये ॲडमिरल ओव्हे गेडे याच्याशी करार झाला. रघुनाथ नायकाने डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठवलेले तमिळ पत्र कोपनहेगनच्या अभिलेखागारात आजही आहे.

डॅन्सबोर्ग किल्ल्याचे बांधकाम त्याच वर्षी सुरू झाले. आराखडा समलंब चौकोनी, कोपऱ्यांवर बुरूज, भोवती खंदक आणि त्यावर उचलता येणारा पूल. खालच्या मजल्यावर कोठारे आणि तुरुंग, वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांची राहण्याची जागा आणि प्रार्थनेची खोली. पुढे गव्हर्नर किल्ल्याबाहेरच्या बंगल्यात राहायला गेले. मिरी आणि कापड हा मुख्य माल. किल्ल्यापेक्षा ही तटबंदीची वखार होती असे म्हणणे अधिक योग्य, आणि खालच्या मजल्यावरच्या कमानदार, जवळजवळ बिनखिडक्यांच्या कोठड्या बघितल्या की ते पटते.

यानंतरचा काळ विलक्षण आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. 1639 नंतर डेन्मार्कहून जहाजे येणेच थांबले. 1650 मध्ये कंपनी गुंडाळली गेली. 1655 पासून किल्ल्यात एकच डॅनिश माणूस उरला होता: एस्किल्ड आंदर्सन कोंग्सबाके. त्याने स्थानिक शिबंदीच्या बळावर आणि बंगालच्या उपसागरात पकडलेल्या जहाजांच्या उत्पन्नावर ठाणे टिकवले, आणि गावाभोवती तटही घातला. मायदेशाचे जहाज आले ते 1669 मध्ये, सोबत त्याच्या नेमणुकीचे पत्र घेऊन. तटाच्या जमिनीकडच्या बाजूची आजची वेस, लँडपोर्टेन, मात्र त्याच्या काळची नाही. ती 1792 ची, आधीची वेस काढून बांधलेली. वेशीतून सरळ समुद्राकडे जाणारा रस्ता तो राजरस्ता, किंग स्ट्रीट.

मराठा अमलात तंजावर आणि तरंगंबाडीचे संबंध सरळ नव्हते. 1699 मध्ये व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या फौजेने गावाला वेढा घातला आणि मद्रासहून इंग्रजांची कुमक आल्यावर तो उठला. कारैकालची कथा वेगळी आहे. गादीच्या भांडणात पैशाची निकड असलेल्या तंजावरकरांनी ते फ्रेंचांना देऊ केले आणि 1739 मध्ये ते फ्रेंचांच्या हाती गेले. आजही कारैकाल पुदुच्चेरीत मोडते, म्हणजे दक्षिणेकडे थोडे गेलात की राज्याची हद्द ओलांडता, त्याचे मूळ या व्यवहारात आहे.

उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर तिरुक्कडैयूर आहे. अमृतघटेश्वर आणि अभिरामी अम्मनचे हे देवस्थान शिवाच्या आठ वीरस्थानांपैकी एक. मार्कंडेयासाठी शिवाने यमाला इथे लाथाडले, अशी श्रद्धा. म्हणूनच साठीची षष्ट्यब्दीपूर्ती, सत्तरीची भीमरथ शांत आणि ऐंशीचे सहस्रचंद्रदर्शन इथे करायला जोडपी लांबून येतात. पहिले सरफोजीराजे (1712 ते 1728) अमावास्येला दर्शनाला आले असताना देवीच्या ध्यानात बुडालेल्या अभिरामी भट्टर या देवीभक्ताने तिथी पौर्णिमा सांगितली, आणि देवीने आपले कर्णभूषण आकाशात फेकून उजेड पाडला, ही कथा तमिळ घरांत लहानपणापासून सांगतात. त्यातला राजा भोसले होता हे आपल्याकडे फारसे माहीत नाही. शांतीचे सोहळे सकाळी चालतात आणि मंडपात पाय ठेवायला जागा नसते. दुपारी देऊळ बंद असते. निवांत दर्शन हवे असेल तर संध्याकाळी जावे.

9 जुलै 1706 रोजी झीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाउ हे दोन जर्मन मिशनरी डॅनिश राजाच्या आज्ञेने इथे उतरले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते नकोच होते. झीगेनबाल्गला याच किल्ल्यात चार महिने कैदेत ठेवले गेले. पण खरी मोठी गोष्ट 1713 ची: जर्मनीतल्या हाले गावाहून तमिळ खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, आली आणि छपाई सुरू झाली. अडचण अशी की ते खिळे फार मोठे होते, त्यामुळे कागद भराभर संपू लागला. मग लहान खिळे इथेच ओतले गेले आणि जवळच्या पोरैयारला 1715 मध्ये कागदाचा कारखाना काढला. त्याच वर्षी तमिळ नवा करार छापून पुरा झाला. किंग स्ट्रीटवरचे न्यू जेरुसलेम चर्च 1718 चे. 1719 मध्ये वारलेल्या झीगेनबाल्गची कबर तिथेच आहे.

याच मिशनमध्ये 1750 साली आलेला श्वार्ट्झ पुढे तंजावरला गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक झाला. सरफोजींनी तंजावरला देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, आणि 1806 मध्ये तिथून इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद छापून निघाला. महाराष्ट्रात मराठी छपाई रुजण्याच्या कितीतरी आधीची ही घटना. मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिताना या किनाऱ्याला वगळता येणार नाही, असे आमचे ठाम मत आहे.

बंदर मागे पडले त्याचे कारण किनाऱ्यावर उभे राहिले की समजते. इथे खाडी नाही, धक्का नाही. जहाजे लांब नांगरून ठेवायची आणि माल ‘मसुला’ होडीतून फुटत्या लाटांमधून आणायचा. या होडीच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या असत, म्हणून वाळूवर आपटली तरी ती लवायची, फुटायची नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमात तर नांगरणेही धोक्याचे. 1845 मध्ये डेन्मार्कने बंगालमधल्या सेरामपूरसह ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. मग रेल्वे नागपट्टिनमला पोहोचली आणि व्यापारही तिकडे वळला.

समुद्र मात्र पुढे सरकतच राहिला. मासिलामणिनाथर मंदिराचा पुढचा भाग लाटांनी नेला, आता दगडांचे ढीग टाकून बाकीचा सांभाळला आहे. असे दगड जिथे टाकतात तिथली धूप कमी होते, पण किनाऱ्यालगत वाहणारी वाळू अडल्याने शेजारचा किनारा खचू लागतो. दगडांजवळ पाण्याला ओढही असते, पोहायला हा किनारा नव्हे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथल्या मच्छीमार वस्तीची मोठी हानी झाली.

त्यानंतर जुन्या घरांची डागडुजी हाती घेतली गेली, आणि त्यात कळीचा मुद्दा गिलाव्याचा होता. मूळ भिंती विटा आणि चुन्याच्या. चुना वाळूबरोबर घोटून, त्यात हिरड्याचे पाणी आणि गूळ घालून गिलावा करत. तो ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट लावले की खारे पाणी विटेतच अडकते, आत मिठाचे स्फटिक धरतात आणि वर्षा-दोन वर्षांत गिलाव्यासकट विटेचा पापुद्रा निघतो. मद्रासी गच्चीत, म्हणजे लाकडी तुळयांवर उभ्या विटा तिरप्या ओळींत बसवलेल्या छतात, आधी कुजतात ती भिंतीत शिरलेली तुळयांची टोके. गोल्डस्मिथ स्ट्रीटवर चुन्याने दुरुस्त केलेली घरे आहेत. सिमेंट फासलेल्या भिंतीशी त्यांची तुलना करायची तर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत बघा, ओल चढते ती तिथेच.