अमेरिकी-जपानी स्ट्रीट आर्ट : परस्पर प्रभाव

अमेरिकेतली ग्राफिटी आणि जपानची अक्षरकला, साचेकाम, खेळणी व दुकाने यांच्यात गेल्या पन्नासेक वर्षांत झालेली देवाणघेवाण. न्यूयॉर्कने दिले आणि टोकियोने घेतले, असा एकेरी हिशेब अनेकदा मांडला जातो. तो खरा नाही. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मुलांनी भुयारी रेल्वेच्या डब्यांवर आपापली नावे लिहिण्याचा सपाटा लावला, तेव्हा त्यांच्या आवडत्या मार्करांत पायलट आणि युनी हे जपानी मार्करही होते.

नाव मागे ठेवून जाण्याची हौस जपानलाही नवी नव्हती. एदो काळापासून (१६०३ ते १८६८) यात्रेकरू मंदिरांच्या दारांवर स्वतःच्या नावाच्या कागदी पट्ट्या चिकटवत आले आहेत. त्यांना ‘सेंजाफुदा’ म्हणतात. हात पोचणार नाही अशा तुळईवर पट्टी लावायची, तर लांब काठीच्या टोकाला ब्रश बांधायचा. पुढे या पट्ट्या सुबक छापून घेऊन आपसात बदलणारी मंडळेही निघाली. शिकागो विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टार यांना त्या जमवण्याचा एवढा नाद लागला, की जपानी वृत्तपत्रवाले त्यांना पट्ट्यांवरूनच ओळखू लागले. ग्राफिटीचा उगम इथे शोधणे चूक ठरेल. पण जमीन तयार होती, एवढे म्हणता येते.

योकोहामाच्या साकुरागिचो स्थानकाजवळ, रेल्वेच्या उन्नत मार्गाखालच्या लांबलचक भिंतीवर १९७०च्या दशकाअखेर रोको सातोशी चित्रे काढू लागले होते. अमेरिकी शैलीची खरी ओळख मात्र १९८३ साली झाली. न्यूयॉर्कच्या ग्राफिटी व हिप-हॉपवरचा ‘वाइल्ड स्टाइल’ हा चित्रपट जपानमध्ये लागला आणि त्याच्यासोबत न्यूयॉर्कचे नर्तक, डीजे व ग्राफिटी कलाकार टोकियोला आले. पुढे साकुरागिचोची भिंत जपानी ग्राफिटीचा मुख्य फळाच बनली.

दोन्हीकडचा सर्वांत घट्ट धागा अक्षराचा आहे. जपानी सुलेखनात ब्रश एकदा कागदावरून फिरला की फराटा पुन्हा गिरवायचा नसतो. शाई कुठे दाटली, कुठे सुकली, हे सगळे तसेच राहते. टॅगचे, म्हणजे भिंतीवर झटक्यात लिहिलेल्या नावाचेही तेच आहे. हात थबकला की तो भिंतीवर दिसतोच. लॉस एंजेलिसचे चाझ बोहोर्केझ यांनी चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी लोकांच्या) मोहल्ल्यांतल्या लिपीला आशियाई सुलेखनाच्या अभ्यासाची जोड दिली. उलट बाजूने उसुग्रो या जपानी कलाकाराने तीच चिकानो वळणे आपल्या काळ्या शाईच्या अक्षरांत मुरवली. हिरोशिमाचे सुइको यांची गोलाईदार अक्षरे पाहिली तर न्यूयॉर्क कुठे संपते आणि ब्रश कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण जाते.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चित्रे काढून नावारूपाला आलेले कीथ हॅरिंग यांनी टोकियोत १९८८ साली आपल्या चित्रांच्या वस्तूंचे दुकान, ‘पॉप शॉप’, उघडले. त्यासाठी त्यांनी जपानी पंख्यांवर आणि भाताच्या वाडग्यांवर आपली नाचरी माणसे रंगवली. बाजारात त्यांच्या चित्रांच्या नकली मालाचा आधीच सुळसुळाट होता, त्यामुळे दुकान फार काळ चालले नाही. आदल्या वर्षी तामा शहरात त्यांनी सुमारे ५०० मुलांना घेऊन चित्र रंगवले होते. यामानाशी प्रांतात २००७ पासून खास त्यांच्या कलेचे संग्रहालय आहे.

जपानमध्ये ही कला भिंतीपेक्षा दुकानात जास्त रुजली, याला कायदाही कारण आहे. इमारतीच्या नुकसानीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि उद्यानातल्या शौचालयाच्या भिंतीवर रंगाने लिहिणे हेही असे नुकसानच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले. टी-शर्ट, स्टिकर आणि खेळणी यांना अशी भीती नव्हती. न्यूयॉर्कच्या बसथांब्यांवरच्या जाहिरातींत स्वतःची चित्रे घुसवणाऱ्या कॉज यांचे पहिले खेळणे, फुलीच्या डोळ्यांचा ‘कम्पॅनियन’, १९९९ साली टोकियोच्या ‘बाउंटी हंटर’ या कपडे व खेळण्यांच्या दुकानाने काढले. भिंतीवरचे पात्र हातात धरता येईल अशी वस्तू होऊ शकते, हे कॉज यांना तिथे साधले.

टोकियोत वाढलेल्या आयको नाकागावा १९९०च्या दशकात न्यूयॉर्कला गेल्या आणि ‘फेल’ या स्ट्रीट आर्ट गटाच्या संस्थापकांपैकी एक झाल्या. त्यांचे काम मुख्यतः स्टेन्सिलचे. ते पाहताना किमोनो रंगवण्याचे ‘इसे कातागामी’ साचे आठवतात: हातकागदाचे थर पर्सिमन या फळाच्या तुरट रसाने चिकटवून, धुरावर धरून टणक करायचे आणि मग बारीक पात्याने नक्षी कापायची. कोरलेला नाजूक भाग निखळू नये म्हणून पूर्वी मधे रेशमाचे धागे घालत. स्टेन्सिल कापणाऱ्या प्रत्येकाला हीच अडचण येते; तुकडा सुटू नये म्हणून मधे पूल राखावे लागतात.

मॅनहॅटनमध्ये हाउस्टन स्ट्रीट आणि बोवेरीच्या कोपऱ्यावरची जी भिंत हॅरिंग यांनी १९८२ साली रंगवली होती, ती २०१२ साली आयको यांनी रंगवली. त्या भिंतीवर चित्रे बदलत राहतात. आयको यांच्या चित्रावरही नंतर दुसरा रंग चढला.