भाऊकीतला संशय घालवणारं एक कडू बी

भाऊकीत लागोपाठ दोन-तीन माणसं गेली आणि कुजबुज सुरू झाली की कोणीतरी अन्नात काहीतरी घालतंय, कोणीतरी करणी केलीय, की मग लोक एकमेकांच्या घरचं पाणी पण प्यायचे बंद होतात. नायजेरियाच्या आग्नेय भागात, आनाम्ब्रा, इमो, एनुगू या राज्यांमध्ये राहणाऱ्या इग्बो लोकांकडे नेमक्या अशा वेळेसाठी एक जुनी रीत आहे, तिचं नाव इग्बा न्डू, म्हणजे साधारण 'जीव बांधणं'.

त्यात सगळी उमुन्ना, म्हणजे एका मूळपुरुषाची भाऊकी, एकत्र बसते. मधे ओजी ठेवतात, म्हणजे कोला नावाच्या झाडाचं बी, आणि जुन्या पद्धतीत प्रत्येकजण कातडीला बारीक चीर देऊन रक्ताचा एक थेंब त्यावर लावतो, मग ते फोडून सगळ्यांनी खायचं. मी तुझं वाईट करणार नाही, केलं तर ही शपथ मलाच खाईल, असं सगळ्यांसमोर कबूल करायचं.

या ओजीबद्दल थोडं सांगायलाच हवं. इग्बोंना विधीसाठी चालतं ते कोला अॅक्युमिनाटा, त्याच्या बीला बहुतेक वेळा तीन ते सहा पाकळ्या असतात, दुसऱ्या जातीला, कोला निटिडाला, दोनच, म्हणून वाटून खायला पहिलंच सोयीचं. चव कडू, आत कॅफिन. चार पाकळ्या निघाल्या तर शुभ, कारण इग्बोंचा आठवडा चारच दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. आणि त्यावरची प्रार्थना इग्बोतच करायची, कारण ओजीला इंग्रजी कळत नाही असं ते लोक म्हणतात.

आता विज्ञानाच्या बाजूने बघू. इग्बोंच्या बहुतेक गावांत इंग्रज यायच्या आधी ना राजा होता ना पोलीस, मग करार मोडणाऱ्याला धरणार कोण? इथे दोन गोष्टी काम करतात. एक म्हणजे सगळ्यांना कळतं की सगळ्यांना कळलंय, नुसतं घरोघरी जाऊन 'माझा विश्वास आहे' सांगून हे होत नाही, त्यासाठी एका जागी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं लागतं. दुसरी, ज्याच्या मनात खरंच पाप आहे आणि जो या शपथेला मानतो त्याला ते बी तोंडात घालणं फार महाग पडतं, निर्दोष माणसाला काहीच लागत नाही, त्यामुळे कोण टाळाटाळ करतोय हे आपोआप दिसतं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की इथे आरोपी कोणालाच ठरवत नाहीत, सगळेच खातात, त्यामुळे कोणाचीच मान खाली जात नाही.

एकाच माणसावर संशय असेल तर वेगळी रीत, इन्यू इयी, देवस्थानापुढे शपथ. मग साधारण वर्षभर वाट बघायची, तो धडधाकट राहिला की सुटला आणि घरी जेवणावळी. पण त्या वर्षात तो साध्या तापाने गेला तरी लोक म्हणणार शपथेनेच घेतला, हा पुरावा नाही हे उघडच आहे. शिवाय भीती शरीराला खरंच त्रास देते, वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1942 मध्येच यावर लिहिलं होतं. आणि भीतीचा धंदा पण होतो, 2004 साली आनाम्ब्रातल्या ओकिजा गावच्या देवस्थानावर पोलिसांनी धाड टाकली तेव्हा तिथल्या राईत मृतदेह आणि कवट्या सापडल्या होत्या, म्हणून सगळंच जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही.

भांडण मिटवण्यात बायकांचा वाटा पण मोठा. उमुआडा, म्हणजे त्या भाऊकीच्या माहेरवाशिणी, लग्न होऊन गेल्या तरी माहेरी तंटा पेटला की एकत्र येतात, आणि भाऊ ऐकत नसतील तर ऐकेपर्यंत तिथेच ठाण मांडतात, त्यांना हाकलायची हिंमत कोणी करत नाही.

रक्ताचा भाग मात्र आज सोडायलाच हवा, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही रक्तातून पसरतात. शपथेचं काम त्यावाचून अडत नाही, कारण सगळ्यांनी समोरासमोर बसायचं आणि एकाच बीचा तुकडा एकमेकांच्या देखत चावून गिळायचा, एवढं तर रक्ताशिवायही होतं.