टेंपरेचर मीटर (जुन्या गाडीला जोडून बसवलेला)

गाडीचा मूळ तापमानाचा काटा बंद पडल्यावर, किंवा चालू असूनही नेमके काही सांगत नसल्यास, इंजिनातल्या पाण्याचे (कूलंटचे) तापमान अंशांत दाखवणारा वेगळा मीटर बाहेरून आणून बसवतात. कोल्हापूर भागात जुन्या जीप, कमांडर, ट्रॅक्स, टाटा ४०७ आणि मारुती ८०० अजून रोज कामावर असतात, त्यामुळे हे काम तिथल्या गॅरेजांना नवे नाही. मीटर ५२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण दोन इंची, असतो आणि तो बसवायला अर्धा दिवस पुरतो. त्या अर्ध्या दिवसातला बहुतेक वेळ सेन्सर कुठे बसवायचा या प्रश्नात जायला हवा, पण सहसा तो डॅशबोर्डला भोक कुठे पाडायचे यात जातो.

मूळ काटा असताना दुसरा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या मूळ मीटरवर आकडे नसतात, फक्त ‘सी’ (थंड) आणि ‘एच’ (गरम). त्यातही अनेक कंपन्यांनी काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी ऐंशीवरून शंभरापर्यंत गेले तरी काटा मध्यावरच बसून राहतो, आणि हलतो तेव्हा हेड गॅसकेट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) उडण्याच्या बेतात असते. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असेल तर हा उशीर फार महागात पडतो. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते, हेड वाकते, आणि मग ते उतरवून फेसिंग मारून, म्हणजे तळ घासून सपाट करून, घ्यावे लागते.

मीटर दोन जातींचे. यांत्रिक मीटरला वीज लागत नाही. इंजिनात बसणाऱ्या पितळी बल्बात लवकर वाफ होणारा द्रव असतो, त्याचा दाब केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून मीटरपर्यंत येतो आणि आतली वाकडी नळी काटा फिरवते. आकडा भरवशाचा असतो, पण नळी कापता येत नाही, जोडता येत नाही आणि दुमडली की मीटर गेला. उरलेली नळी गुंडाळून दोन-तीन सैल वेटोळी इंजिनाजवळ ठेवतात, म्हणजे हादऱ्याने ती तुटत नाही. विजेच्या मीटरचा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि काटा वर जातो. हा बसवायला सोपा, मात्र सेन्सर त्याच मीटरच्या जोडीचा हवा. जुन्या गाडीचा सेन्सर तसाच ठेवून त्याला नवा मीटर जोडला तर काटा हलतो जरूर, पण दाखवतो तो आकडा कशाचाच नसतो.

आता जागा. सर्वांत चांगली जागा हेडमधून पाणी बाहेर पडते तिथे, थर्मोस्टॅटच्या (पाणी पुरेसे तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे. मूळ सेन्सर बहुधा तिथेच असतो. तो काढून त्या जागी नवा बसवला की मूळ काटा किंवा धोक्याचा दिवा बंद होतो. म्हणून बरेच जण दुसरी वाट धरतात: रेडिएटरचा वरचा होज पाईप कापून मध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा घालायचा, दोन्ही बाजूंना क्लिपा आवळायच्या आणि त्या तुकड्यात सेन्सर बसवायचा. काम सोपे होते, पण त्याला दोन मर्यादा आहेत. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत, या पाईपातून गरम पाणी फारसे जातच नाही. इंजिन तापलेले असते आणि मीटर थंड. शिवाय दोन्ही बाजूंना रबर असल्याने त्या तुकड्याला बॉडीचा ‘अर्थ’ (विजेची परतीची वाट) मिळत नाही, एकतारी सेन्सरसाठी वेगळी अर्थची तार ओढावी लागते. खालच्या होजमध्ये बसवलेला सेन्सर रेडिएटरने गार केलेले पाणी मोजतो. रेडिएटर किती काम करतो हे पाहायचे असेल तर ते ठीक, इंजिनाच्या जिवासाठी नाही.

आट्यांचा घोळ वेगळाच. बाजारातल्या अनेक सेन्सरना १/८ इंची अमेरिकी निमुळते आटे असतात, इंचाला २७. जपानी घराण्यातल्या इंजिनांवर बहुधा ब्रिटिश पद्धतीचे, इंचाला २८. सेन्सर हाताने दोन फेरे सहज जातो, तिसऱ्याला अडतो, आणि पाना लावून जोर केला की हाउसिंगला चीर जाते. अशा वेळी उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर पितळी ॲडॉप्टर कातून घेणे हा शहाणपणाचा मार्ग. फाउंड्री आणि मशीनशॉपांच्या या गावात ते अवघड नाही, आटे मोजायचा गेज मात्र आधी लावून घ्यावा. टेफ्लॉन टेप जाड गुंडाळला तर अर्थ कमकुवत होतो आणि काटा खोटा थंड दाखवतो.

वायरिंग थोडकेच: इग्निशननंतरचा प्लस छोट्या फ्यूजमधून, चांगला अर्थ, सेन्सरची तार आणि रात्रीच्या दिव्यासाठी पार्किंग लाइटची. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे तार पत्र्यावर घासू नये म्हणून बसवायची कडी, हवाच. बहुतेक मीटरांत सेन्सरची तार बॉडीला टेकली तर काटा एकदम टोकाला जातो आणि तुटली तर उठतच नाही, त्यावरून बिघाड शोधता येतो.

बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्यात धरून पाहावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच असल्याने तिथे पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. मीटर ९८ दाखवत असेल तर त्याला दोष देऊ नये. याच कारणाने आकडा वाचताना रेडिएटरच्या टोपणाचाही विचार करावा लागतो. ०.९ बार दाब धरणारे टोपण चांगले असेल तर साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचे रबर गेले असेल तर शंभराच्या आतच खदखदू लागते.

नवा मीटर लागला की पुष्कळदा पहिल्यांदा उघड होते ते थर्मोस्टॅटचे गुपित. ‘गाडी तापते’ म्हणून कुणीतरी तो कधीच काढून टाकलेला असतो. मग सपाटीवर काटा साठ-सत्तरवर रेंगाळतो, इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त पिते आणि झिजते. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी) वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला न जाता परत फिरते आणि नेमकी घाटात गाडी आणखी तापते.

कोल्हापूरकराला कोकणात जाताना घाट उतरणीचा लागतो, चढ लागतो तो परतताना, माल किंवा माणसे भरलेली असताना. करूळ घाटात खालच्या गिअरवर गाडीचा वेग कमी, म्हणून रेडिएटरला वारा कमी, आणि इंजिनावर भार पूर्ण. काटा ९० वरून ९८-१०० वर जाऊन तिथे ठरला तर काळजी नाही. थांबत नसेल तर गाडी बाजूला घ्यावी. चढता काटा अचानक खाली आला तर अधिक घाबरावे: पाणी संपून सेन्सर उघडा पडला, की तो पाणी मोजायचे सोडून वाफ किंवा हवा मोजू लागतो. त्यासाठी काही जण पाण्याच्या पातळीचा वेगळा बझर लावतात. वर गगनबावड्याला चहासाठी थांबून इंजिन लगेच बंद केले की काटा आणखी पाच-दहा अंश चढतो, कारण पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते. दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवले की हे टळते.