दिव्याखालचा पाहुणा, दालचिनीवरचं घर

पावसाळ्यात कोकणात किंवा आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर कधी सकाळी दिव्याखालच्या भिंतीवर वीतभर रुंद, विटकरी-तांबूस पतंग बसलेला दिसतो. तो बहुधा ॲटलास असतो. आकारावरून खात्री करू नका, पंख नीट पाहा. चारही पंखांवर एकेक त्रिकोणी खिडकी असते. तिथे खवलेच नसल्याने पंख पारदर्शक दिसतो. पुढच्या पंखांची टोकं सापाच्या डोक्यासारखी बाकदार असतात आणि त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका असतो.

खिडक्या गोल असतील तर तो टसर पतंग. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ज्याचे कोष रेशमासाठी पिकवतात, तोच हा. फिकट हिरवा आणि मागे लांब शेपट्या असलेला तो चंद्रपतंग.

बातम्यांत ॲटलासला सर्रास ‘जगातला सर्वांत मोठा पतंग’ म्हणतात. पंखांचा विस्तार मोजला तर अमेरिका खंडातला ‘व्हाइट विच’ त्याच्या पुढे जातो. शिवाय सह्याद्रीतली आणि श्रीलंकेतली जात हिमालयातल्या ॲटलासहून वेगळी आहे. तिचं शास्त्रीय नाव अटॅकस टॅप्रोबेनिस.

मला मात्र आकारापेक्षा त्याचा ठावठिकाणा महत्त्वाचा वाटतो. दिव्यापाशी तो भरकटून आलेला असतो, त्याचं खरं घर म्हणजे झाड. दालचिनी, पेरू, लिंबू अशा झाडांची पानं त्याचे सुरवंट खातात. फिकट हिरवे, अंगावर पांढरी मेणचट पूड असलेले हे सुरवंट बोटाहून जाड होतात आणि पानं गुंडाळून त्यात तपकिरी कोष विणतात. ही सगळी खादाडी पुढच्या जन्माची शिदोरी असते, कारण पतंगाला खाण्यायोग्य तोंडच नसतं. साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतो.

तेवढ्यात जोडीदार शोधायचा असतो. मादी एका जागी बसून गंध सोडते. नर पिसांसारख्या रुंद मिशांनी तो दुरून टिपतो आणि अंधारात तिच्यापर्यंत पोचतो. मादीच्या मिशा अरुंद असतात, त्यावरून नर-मादी ओळखता येतात.

रात्रभर जळणारा दिवा या प्रवासातच त्याला अडवतो. एखादी मादी तर भिंतीवरच अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत अंड्यांतून सुरवंट निघतात आणि आसपास खायला पान नसतं. म्हणून पावसाळ्यात अंगणातला दिवा झोपताना मालवावा. भिंतीवर अंडी दिसलीच, तर जवळच्या दालचिनीच्या किंवा पेरूच्या पानांवर अलगद ठेवावीत.