जो फ्रायडेची नक्कल आधीपासूनच चालू होती: १९८७ च्या 'ड्रॅगनेट'मागचा इतिहास

१९८७ च्या जूनमध्ये डॅन ॲक्रॉइड आणि टॉम हँक्सचा 'ड्रॅगनेट' नावाचा कॉमेडी सिनेमा आला. आज तो बघणाऱ्या बऱ्याच जणांना हँक्स आवडतो पण ॲक्रॉइड असा काठी गिळल्यासारखा ताठ का वावरतो, साध्या गोष्टीसुद्धा रिपोर्ट वाचल्यासारख्या का बोलतो, हे कळत नाही. कारण तो 'ड्रॅगनेट' याच नावाच्या जुन्या रेडिओ-टीव्ही मालिकेतल्या जो फ्रायडे या पोलिसाची नक्कल करतोय, त्या रोलमागे तोपर्यंत ३८ वर्षांचा इतिहास होता आणि १९८७ च्या अमेरिकन प्रेक्षकाला तो तोंडपाठ होता.

सुरुवात होते १९४८ मध्ये. 'ही वॉक्ड बाय नाइट' नावाचा एक क्राइम सिनेमा बनत होता, त्यात जॅक वेब नावाचा तरुण ॲक्टर पोलीस लॅबमधल्या टेक्निशियनचा छोटा रोल करत होता. सेटवर टेक्निकल ॲडव्हायझर म्हणून लॉस एंजेलिस पोलीस डिपार्टमेंटचे, म्हणजे एलएपीडीचे सार्जंट मार्टी विन होते. त्यांच्याशी गप्पा मारताना विषय निघाला की रेडिओवरचे डिटेक्टिव्ह खऱ्या पोलिसांसारखे अजिबात नसतात, मग खऱ्या केस फाइल्सवरूनच कार्यक्रम का करू नये. वेबने ते डोक्यात घेतलं, पोलिसांबरोबर गाडीत फिरला, त्यांची भाषा, कोड, फॉर्म भरायची पद्धत सगळं टिपून घेतलं आणि ३ जून १९४९ ला एनबीसी रेडिओवर 'ड्रॅगनेट' सुरू झालं.

आज आपल्याला यात काय नवीन असं वाटेल, पण तेव्हाचे रेडिओ डिटेक्टिव्ह म्हणजे हुशारीचे डायलॉग मारणारे, बायकांशी फ्लर्ट करणारे, शेवटी दोन गोळ्या झाडून केस सोडवणारे. वेबने स्वतः केलेला सार्जंट जो फ्रायडे यातलं काही करत नाही. तो दारं ठोठावतो, लोकांना विचारतो, वही काढतो, परत दुसरं दार ठोठावतो, आणि मधेमधे आपल्याला सांगतो की वार कोणता, हवा कशी होती, आज ड्युटी कुठल्या डिव्हिजनमध्ये. पोलिसाचं काम कंटाळवाणं असतं आणि तरी ते कुणीतरी नीट करावं लागतं, हे वेबने मनापासून दाखवलं आणि मला ते आजही भारी वाटतं.

डिसेंबर १९५१ मध्ये टीव्हीवर पहिला एपिसोड दाखवला, जानेवारी १९५२ पासून रेग्युलर झालं. १९५३-५४ च्या सीझनमध्ये अमेरिकेत 'आय लव्ह लूसी'च्या खालोखाल सगळ्यात जास्त बघितली जाणारी मालिका हीच होती, मार्च १९५४ मध्ये 'टाइम'च्या कव्हरवर वेब झळकला. त्याची बोलायची स्टाइल या यशाचं मोठं कारण. ॲक्टर लोकांनी ॲक्टिंग करू नये म्हणून तो त्यांना डायलॉग टेलिप्रॉम्प्टरवरून वाचायला लावायचा, त्यामुळे सगळे एका सुरात, भराभर, चेहऱ्यावर काही न आणता बोलायचे, आणि कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर टकाटक जायचा. वर वॉल्टर शुमनचं चार सुरांचं म्युझिक, डम-डि-डम-डम. त्यावरूनही वाद झाला, कारण मिक्लोश रोझाने १९४६ च्या 'द किलर्स' सिनेमाला दिलेल्या म्युझिकशी ते फारच जुळत होतं, शेवटी क्रेडिट दोघांत वाटलं गेलं.

आता इतकी ठरलेली, इतकी ओळखू येणारी स्टाइल असली की तिची नक्कल होणारच, आणि ती लगेच झाली. १९५३ मध्ये स्टॅन फ्रीबर्गने 'सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगोनेट' नावाची कॉमेडी रेकॉर्ड काढली, ज्यात ड्रॅगन मारणारा संत जॉर्ज अगदी फ्रायडेच्या सुरात लोकांची चौकशी करतो. रेकॉर्ड अमेरिकेत नंबर वनला गेली. आणि 'जस्ट द फॅक्ट्स, मॅम' हे जे वाक्य सगळे फ्रायडेचं म्हणून सांगतात ते वेबने मालिकेत जसंच्या तसं कधी म्हटलेलंच नाही, ते असं तोंडात बसलं ते या रेकॉर्डच्या लोकप्रियतेमुळे. म्हणजे ओरिजिनल जोरात चालू असतानाच लोकांच्या डोक्यातला फ्रायडे अर्धा खरा आणि अर्धा नकलेतला झाला होता, आणि माझ्या मते १९८७ चा सिनेमा समजून घ्यायचा तर हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

एक बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मालिकेला एलएपीडीची पूर्ण मदत होती आणि स्क्रिप्ट आधी त्यांच्या नजरेखालून जायच्या. विल्यम पार्कर १९५० पासून चीफ होते, त्यांना डिपार्टमेंटची स्वच्छ, शिस्तीची इमेज हवी होती आणि 'ड्रॅगनेट'ने ती दर आठवड्याला घराघरात पोचवली. ज्या डिसेंबर १९५१ मध्ये मालिका टीव्हीवर आली त्याच महिन्यात, ख्रिसमसच्या दिवशी, त्याच डिपार्टमेंटच्या दारू प्यायलेल्या पोलिसांनी कोठडीतल्या सात तरुणांना बेदम मारलं होतं, त्यातले बहुतेक मेक्सिकन वंशाचे. 'ब्लडी ख्रिसमस' म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. फ्रायडेच्या शहरात असलं काही घडताना दिसत नाही.

मालिका १९५९ ला संपली, मग वेबने ती १९६७ मध्ये रंगीत करून परत आणली, जोडीला बिल गॅनन म्हणून हॅरी मॉर्गन. पण मधल्या काळात जग बदललं होतं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्याच वॉट्स भागात दंगल झालेली, हिप्पी आलेले, व्हिएतनामवरून कॉलेजं पेटलेली, आणि फ्रायडे तोच, तोच ग्रे सूट, तेच केस. जानेवारी १९६७ चा पहिलाच एपिसोड बघा: पार्कमध्ये एक मुलगा डोकं मातीत खुपसून बसलाय, त्याला बाहेर काढतात तर चेहरा अर्धा निळा अर्धा पिवळा रंगवलेला, एलएसडी घेतलेली, आणि समोर फ्रायडे त्याला हक्क वाचून दाखवतोय. वेबने हे शंभर टक्के सीरियसली केलं होतं, त्याला ड्रग्जची खरोखर चीड होती. पण तरुण पोरं ते बघून हसायला लागली. फ्रायडेची लांबलचक भाषणंही याच काळातली, आणि १९८७ चा सिनेमा जास्त करून याच फ्रायडेवरून घेतलाय.

वेबला स्वतःला हे कळत नव्हतं असं नाही हां. १९६८ मध्ये तो जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये गेला आणि दोघांनी घंटेतल्या तांब्याच्या लोलकांच्या, म्हणजे 'कॉपर क्लॅपर्स'च्या चोरीवर एक स्किट केलं, बरेचसे शब्द 'क'चे, जीभ अडखळेल असे, आणि वेब शेवटपर्यंत फ्रायडेच्याच चेहऱ्याने बोलत राहिला. यूट्यूबवर सापडतं, नक्की बघा.

२३ डिसेंबर १९८२ ला वेब हार्ट अटॅकने गेला. एलएपीडीने झेंडे अर्ध्यावर उतरवले आणि फ्रायडेचा बॅज नंबर ७१४ कायमचा निवृत्त केला, म्हणजे एका काल्पनिक सार्जंटला खऱ्या डिपार्टमेंटने निरोप दिला.

मग युनिव्हर्सलचा सिनेमा. स्क्रिप्ट ॲक्रॉइड, ॲलन झ्वायबेल आणि टॉम मॅन्किविट्झची, डायरेक्शनही मॅन्किविट्झचंच, त्याचा डायरेक्टर म्हणून पहिला सिनेमा. त्यांनी सगळ्यात शहाणपणाचा निर्णय घेतला तो हा की ॲक्रॉइड हा मूळचा जो फ्रायडे नाही, त्याचा पुतण्या आहे, नाव तेच. त्यामुळे वेबची जागा कुणी घेतली असं होत नाही. हॅरी मॉर्गनला गॅनन म्हणूनच परत घेतलं, आता प्रमोशन होऊन कॅप्टन. आणि पार्टनर म्हणून हँक्सचा पेप स्ट्रीबेक, म्हणजे 'बेव्हर्ली हिल्स कॉप'च्या जमान्यातला मोकळा ढाकळा पोलीस, ज्याला पहिल्याच भेटीत काका स्टाइलचा फ्रायडे केस आणि कपड्यांवरून लेक्चर देतो. १९५१ चा पोलीस आणि १९८७ चा पोलीस एका गाडीत बसवले, बाकी कॉमेडी आपोआप होते. ॲक्रॉइडने फ्रायडेला मूर्ख केलेलं नाही, तो प्रामाणिक आहे, मेहनती आहे, फक्त भोवतालचं जग त्याच्या पुस्तकातलं राहिलेलं नाही. सूर इतका अचूक पकडलाय की प्रेम असल्याशिवाय तो जमत नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र सिनेमा घसरतो. क्रिस्टोफर प्लमरचा ढोंगी धर्मगुरू, बकऱ्यांसारखे पाय लावून नाचणारा गुप्त पंथ, ॲनाकोंडा साप, पाठलाग, स्फोट, हे त्या काळच्या कुठल्याही ॲक्शन कॉमेडीत चाललं असतं. वेबच्या मालिकेची मजा दारं ठोठावण्यात होती, ती तिथे हरवते. तरी धंदा चांगला झाला, अमेरिकेतच पाच कोटी डॉलर्सच्या वर.

पुढे जुन्या पोलीस मालिकांवरून असे बरेच सिनेमे आले. १९९४ ला 'कार ५४', २००४ ला बेन स्टिलर आणि ओवेन विल्सनचा 'स्टार्स्की अँड हच', २०१२ ला '२१ जंप स्ट्रीट', २०१७ ला 'चिप्स'. यातला 'जंप स्ट्रीट' मला सगळ्यात चांगला वाटतो. त्याची ओरिजिनल मालिका १९८७ लाच सुरू झाली होती, 'ड्रॅगनेट' सिनेमा थिएटरला लागायच्या साधारण अडीच महिने आधी. 'चिप्स'मध्ये मात्र जुन्या मालिकेबद्दल आपुलकी कुठे दिसत नाही, नुसते मोटरसायकल आणि अचकटविचकट जोक, आणि तो पडला.

कुणाला हा सिनेमा पहिल्यांदा बघायचा असेल तर आधी त्या निळ्या-पिवळ्या चेहऱ्याच्या मुलाचा एपिसोड बघा, अर्ध्या तासाचा आहे, आणि मग लगेच सिनेमा लावा.